आबांच्या पोटावरची लघवीची पिशवी: ते स्वतः हातच लावत नाहीत, कसं शिकवायचं?

कोयनाकाठ

नमस्कार सगळ्यांना. इथं पहिल्यांदाच लिहितेय आणि मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

आबा म्हणजे माझे वडील, वय ६७, कराडजवळ गावात असतात, शेती करतात. लघवीतून रक्त जायचं ते त्यांनी उन्हाळी लागली असेल म्हणून पाच-सहा महिने अंगावर काढलं, धने-जिऱ्याचं पाणी पीत राहिले, आणि शेवटी दाखवलं तेव्हा मूत्राशयाचा कॅन्सर निघाला, स्नायूत गेलेला. पुण्यात ऑपरेशन झालं. मूत्राशय पूर्ण काढलं आणि लहान आतड्याचा तुकडा घेऊन पोटाच्या उजव्या बाजूला लघवीला वाट करून दिलीय. कार्डावर रॅडिकल सिस्टेक्टॉमी विथ इलियल कॉन्ड्युइट असं लिहिलंय. आज ३८ दिवस झाले. आतल्या दोन बारीक नळ्या होत्या त्या बाराव्या दिवशी काढल्या, टाके सुकलेत, जेवण बऱ्यापैकी आहे.

अडचण पिशवीची आहे. पिशवी आई बदलते. आईचं वय ६२, तिला कुणी नीट शिकवलेलंच नाही. डिस्चार्जच्या दिवशी मी आणि भाऊ बिलाच्या आणि औषधांच्या मागे धावत होतो, तेवढ्यात एका सिस्टरनी दहा मिनिटांत करून दाखवलं आणि भावानं मोबाईलवर शूटिंग घेतलं, त्यात निम्मा वेळ सिस्टरचा हातच आडवा आलाय. त्यावर आईचं चाललंय. पिशवी चार-पाच दिवस टिकेल म्हणाले होते, इथं रोज बदलावी लागते, कधी दिवसातून दोनदा. रात्री तर हमखास गळते, अंथरूण-पांघरूण सगळं ओलं. भोवतीची कातडी लालभडक झालीय, काही ठिकाणी सोललीय, आणि वर पांढरं खरखरीत काहीतरी बसलंय, मिठासारखं. आई रात्री खोबरेल तेल आणि हळद लावते. लघवीत पांढरे धागे दिसतात ते बघून आम्ही घाबरलो, गावातल्या लॅबमध्ये पिशवीतलीच लघवी दिली तर इन्फेक्शन आलं, अँटिबायोटिकचा एक कोर्स झाला, परत तपासली, परत इन्फेक्शन, आता दुसरा कोर्स चालू आहे.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे आबा. त्यांनी त्या जागेकडे एकदाही बघितलेलं नाही. आई पिशवी बदलायला बसली की ते तोंडावर टॉवेल टाकून पडून राहतात. तोटी उघडून लघवी ओतायचं कामसुद्धा आईच करते. आई माहेरी एका लग्नाला जाणार होती ती गेली नाही. मी साताऱ्यात शाळेवर आहे, शनिवार-रविवारी जाते, मी म्हटलं आबा मी शिकवते, तर म्हणाले, "कशाला शिकायचं बाई आता."

मी रोज चाळीस पोरांना शिकवते आणि स्वतःच्या बापाला एवढं शिकवता येत नाही याचं फार वाईट वाटतं. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

परळची सिस्टर

ताई, तुम्ही सगळं इतकं नीट लिहिलंय की निम्मं काम तिथंच झालंय. मी नर्स आहे, गेली १४ वर्षं फक्त स्टोमाच्या, म्हणजे पोटावर अशी वाट काढलेल्या पेशंटचं बघते. समोर बघितल्याशिवाय काही गोष्टी सांगता येत नाहीत, पण तुमच्या लिहिण्यातून जे दिसतंय ते सांगते.

आधी धाग्यांचं, म्हणजे डोक्यावरचा एक बोजा कमी होईल. ते पांढरे धागे म्हणजे पू नाही. लघवीची नवी वाट आतड्याच्या १५-२० सेंटिमीटर तुकड्याची आहे, आणि आतडं जागा बदलली तरी आपलं बुळबुळीत स्राव करायचं काम सोडत नाही. ते धागे येणारच, पुढे थोडे कमी होतात. पाणी भरपूर प्यायलं की पातळ होऊन निघून जातात. आबा पाणी किती पितात ते बघा, बरेच पेशंट पिशवी भरेल या भीतीनं पाणी तोडतात आणि मग लघवी गडद होते, वास येतो, धागे दाट होतात, इन्फेक्शनला आयतीच वाट मिळते. किडनीचा किंवा हृदयाचा काही त्रास नसेल तर दिवसाला दोन-अडीच लिटर पोटात जायला हवं.

दुसरं, पिशवीतली लघवी तपासायला कधीही द्यायची नाही. पिशवीत जंतू असणारच, आणि या आतड्याच्या वाटेत ताप नसताना, काही त्रास नसतानाही जंतू सापडतात. कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, करायचंच झालं तर पिशवी काढून, स्टोमा पुसून, त्यात स्वच्छ बारीक नळी घालून नमुना घेतात. आबांना ताप, थंडी, कंबरेत दुखणं असं काही होतं का? नसेल तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा हा दुसरा कोर्स खरंच लागतोय का. मनानं बंद करू नका, विचारा.

आता गळतीचं. दोन गोष्टी मला सांगा. पिशवीच्या चिकटपट्टीला भोक किती मोठं कापता आणि ते माप कुठून आलं? आणि पिशवीला खाली तोटी आहे की खालून पूर्ण उघडी आणि क्लिप लावायची आहे? कारण मेडिकलवाल्याला नुसतं स्टोमाची पिशवी म्हटलं की तो बहुतेक वेळा शौचाच्या स्टोमाची देतो. लघवीची वेगळी असते, खाली तोटी असते आणि आत लघवी उलटी वर येऊ नये म्हणून पडदा असतो. तो पडदा नसला की माणूस आडवा झाला रे झाला, लघवी परत स्टोमापाशी येऊन थांबते आणि चिकटपट्टी सोडवते.

आणि तिसरा प्रश्न, तो जरा शांतपणे वाचा. आबांना ही पिशवी कायमची आहे हे कुणी स्पष्ट शब्दांत सांगितलंय का? मी हे प्रत्येक घरी विचारते. आपल्याकडे मूत्राशयालाही लघवीची पिशवीच म्हणतात. डॉक्टर म्हणाले "पिशवी काढली", मग नळ्या काढल्या, टाके काढले, ड्रेन काढला. मग पेशंटच्या मनात बसतं की एकेक करत सगळं निघतंय, पुढच्या फेरीला हेही निघेल. जे दोन महिन्यांत जाणार आहे ते माणूस कशाला शिकेल?

कोयनाकाठ

सिस्टर, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी आईला फोन लावला. आई गप्पच झाली. मग म्हणाली, ते रोज विचारतात पुढची तारीख कधी आहे, आणि मी म्हणते १८ ला, तर म्हणतात म्हणजे १८ ला सुटलो. आम्ही तिघांनीही त्यांना कायमचं असं सांगितलेलं नाही. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी आम्हाला केबिनमध्ये सांगितलं होतं, आबा तेव्हा बाहेर बाकावर बसले होते. सहीसुद्धा वाचून न बघता केली.

भोक आम्ही हॉस्पिटलमधून मिळालेल्या कागदाच्या मापानं कापतो, ३८ मिलिमीटर. पिशवी तोटीचीच आहे, पण मध्ये आठ दिवस मेडिकलवाल्यानं क्लिपची दिली होती, तुम्ही म्हणता तसंच.

नाना_वाई

ताई राम राम. मी पेशंट आहे. माझी पिशवी आता सात वर्षांची झाली, माझं वय ७१, एसटीत कंडक्टर होतो. आबांच्या जागी मी स्वतःला बघतोय म्हणून लिहितो, मला टाईप करायला वेळ लागतो, चुका होतील.

माझं तोंडावर टॉवेल टाकणं नव्हतं, पण मी भिंतीकडे बघायचो. बायको करायची सगळं. असे दोन महिने गेले. मला वाटायचं तिथं उघडी जखम असणार, हात लागला तर कळ येईल. मग आमच्या वॉर्डात एक बाई भेटल्या होत्या पिशवीच्याच पेशंट, त्यांनी फोनवर विचारलं, नाना, जीभ बाहेर काढून आरशात बघा, काय दिसतं, ते तेवढंच आहे, जिभेसारखं लाल आणि ओलं. मी त्या दिवशी आधी जीभ बघितली मग खाली बघितलं. तसंच होतं. बोट लावलं तर काहीच दुखलं नाही. पुढे सिस्टरनी सांगितलं की त्याला दुखण्याची शिराच नसते, म्हणून पुसताना थोडं रक्त लागलं तरी घाबरायचं नाही. पण हेही सांगितलं की दुखत नाही म्हणूनच डोळ्यानं लक्ष ठेवायचं, कारण इजा झाली तर ती जागा ओरडून सांगणार नाही. लाल आहे तोवर ठीक, जांभळं काळं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

आता एक विचारतो, सिस्टर रागावू नका मध्ये बोलतोय म्हणून. आबा रात्री झोपतात कुठं? खाली अंथरुणावर का?

कोयनाकाठ

हो नाना. खालीच. पहिल्यापासून सवय आहे, पलंगावर झोप येत नाही म्हणतात. रात्रीची मोठी पिशवी हॉस्पिटलनं दिली होती, ती आई शेजारी जमिनीवरच ठेवते.

नाना_वाई

मग तुमची रात्रीची गळती ती आहे बघा. पाणी उतारानं जातं. तुम्ही शेतकऱ्याचं घर, आबांना हे मी सांगायला नको, पाट वर आणि वाफा खाली असल्याशिवाय वाफा भिजत नाही. इथं आबा जमिनीवर, दोन लिटरची पिशवी पण जमिनीवर, तर लघवी पोटावरच्या छोट्या पिशवीत साठत राहते, तिचं वजन चिकटपट्टीवर येतं आणि रात्री दोनला सुटते. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, चार महिने माझी रात्रीची झोप गेली होती.

त्यांना पलंग नाहीतर बाज द्या. मोठी पिशवी बाजेच्या दांडीला खाली अडकवायची किंवा बादलीत ठेवायची, बादलीत ठेवली की चुकून सुटली तरी फरशी भिजत नाही. नळी पायजम्याच्या आतून मांडीवरून खाली घ्यायची म्हणजे कूस बदलली तरी पिळा पडत नाही. आणि जोडायच्या आधी पोटावरच्या पिशवीत थोडी लघवी राहू द्यायची, पूर्ण रिकामी करून जोडली तर पिशवीच्या दोन्ही बाजू एकमेकीला चिकटून बसतात आणि खाली उतरत नाही. हे बारीक आहे पण यानं फरक पडतो.

मला पलंगाची सवय व्हायला आठ दिवस लागले. कोरडं उठलो त्या सकाळी मला जे वाटलं ते मी सांगू शकत नाही.

परळची सिस्टर

नाना, तुम्ही बरोबर जागेवर बोट ठेवलंत, मी विचारायला हवं होतं ते राहिलं. शहरात काम करून आम्ही पलंग आहे असं धरूनच चालतो.

ताई, आता मापाचं. ३८ हे डिस्चार्जच्या दिवसाचं माप आहे, तेव्हा स्टोमा सुजलेला असतो. सहा ते आठ आठवडे तो हळूहळू आक्रसत जातो. आज तो कदाचित २८ असेल, कदाचित त्याहून लहान, आणि तुम्ही अजून ३८ चं भोक कापताय, म्हणजे भोवतीनं कातडीची एक कडी चोवीस तास लघवीत भिजतेय. ते लालभडक आणि सोललेलं तेच. पिशवीच्या डब्यात गोल भोकांची मोजपट्टी येते ती लावून बघा, भोक स्टोमापेक्षा २-३ मिलिमीटरच मोठं हवं. गोल नसला तर पारदर्शक प्लॅस्टिकवर पेननं आकार उतरवून घ्या. आठ आठवडे होईपर्यंत दर आठवड्याला मोजायचं आणि तारखेसकट वहीत लिहायचं.

पांढरं खरखरीत म्हणजे लघवीतले क्षार बसलेत. कातडी सोललेली नाही तिथं पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन कापड भिजवून दहा मिनिटं ठेवायचं, मग साध्या पाण्यानं धुवायचं. सोललेल्या जागी नको, झोंबेल. तिथं स्टोमा पावडर मिळते ती भुरभुरायची आणि जादाची झटकून टाकायची. खोबरेल तेल आणि हळद आजपासून बंद. काकूंची माया मला कळते, पण तेलावर चिकटपट्टी धरत नाही आणि गळती वाढते, मग कातडी अजून जाते. साबणही नको, कोमट पाणी आणि मऊ सुती कापड पुरे, पण सुकवायचं मात्र अगदी कोरडं. तिथं केस असतील तर कात्रीनं बारीक करा. गळायला लागली की वरून पट्ट्या चिकटवू नका, खाली लघवी कोंडते. गळली की काढायची, दुसरी लावायची.

बदलायची वेळ सकाळची, उठल्यावर, चहा-पाणी पोटात जायच्या आधी. तेव्हा लघवी सगळ्यात कमी येते. तरी येतच राहणार, म्हणून गॉजची वळी करून ती स्टोमाच्या तोंडावर धरायची, दिव्याच्या वातीसारखी, ती लघवी शोषून घेते तोवर दुसऱ्या हातानं कातडी सुकवायची. पिशवी लावली की तिच्यावर तळहात ठेवून एक-दोन मिनिटं शांत बसायचं, हाताच्या उबेनं ती नीट धरते.

हे झालं काय करायचं ते. शिकवायचं कसं यावर मला जास्त सांगायचंय.

आधी खरं सांगा. १८ तारखेची वाट बघू नका, तिथं गर्दीत कळलं तर त्यांना फसवल्यासारखं वाटेल. तुम्ही किंवा भावानं शेजारी बसून सांगा की आबा, ही वाट आता हीच, ती बंद होणार नाही, तुमचं मूत्राशय काढलंय कारण आजार त्यात होता. रडतील, चिडतील, दोन दिवस जेवणार नाहीत. ते होऊ द्या. त्या दिवशी काहीही शिकवायला जाऊ नका.

मग सुरुवात पिशवी बदलण्यापासून करू नका. ते सगळ्यात अवघड काम आहे आणि आपण नेमकं तेच आधी दाखवतो. सुरुवात तोटीपासून. पिशवी एक तृतीयांश ते निम्मी भरली की तोटी उघडायची, ओतायचं, टोक पुसायचं, बंद करायची. दिवसातून सहा-सात वेळा येणारं काम आहे, म्हणजे सहा-सात वेळा सराव. त्यात स्टोमाकडे बघावंही लागत नाही. पुरुषमाणसाला उभं राहून स्वतःच्या हातानं लघवी ओतता आली की बराच धीर येतो, हे मी शेकडो वेळा बघितलंय. चार दिवस फक्त तेवढंच. मग जुनी पिशवी वरून खाली सोडवायची, कातडी दाबत दाबत, ओढायची नाही. मग धुणं-सुकवणं. मग मोजणं, कापणं. लावणं शेवटी.

आणि तुम्ही शिक्षिका आहात म्हणून एक सांगते. ते करत असतील तेव्हा मी माझे दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवून उभी राहते. वाकडं लावतील, गळेल, एक पिशवी वाया जाईल. महाग असते, मलाही जीवावर येतं. तरी हात पुढे करायचा नाही. घरच्या माणसाचा हात पुढे आला की पेशंटचा हात मागे जातो आणि मग तो परत येत नाही.

अनघा_डेन्मार्क

मी मूळची नाशिकची, आता डेन्मार्कमध्ये नर्स आहे. सिस्टरनी जे सांगितलं तेच इथं कागदावर आहे, म्हणून लिहिते. इथल्या ऑऱ्हुसमधल्या नर्सेसनी युरोस्टोमीच्या, म्हणजे लघवीच्या स्टोमाच्या पेशंटसाठी एक मोजणी बनवलीय, सात गोष्टी, प्रत्येकीला ० ते ३ गुण, एकूण २१. पिशवी काढणं, स्टोमा मोजणं, त्या मापानं नवीन पिशवीचं भोक जुळवणं, कातडीची काळजी, नवीन पिशवी लावणं, रिकामी करणं या सहा झाल्या. पण यादीत पहिली गोष्ट यातली कुठलीच नाही, पहिली आहे पेशंट स्टोमाकडे कसा बघतो, म्हणजे बघायला आणि हात लावायला तयार आहे का. कौशल्याच्या यादीत हे का घातलं असं मला आधी वाटायचं. आता वाटत नाही.

दुसऱ्याकडून करून घेतो त्याला ०, आणि कुणाच्याही मदतीशिवाय करतो त्याला ३. नातेवाईकाला येतं याचे गुण नाहीत. ताई, वहीत असा तक्ता करा, तुम्हाला दर शनिवारी दिसेल कुठली गोष्ट पुढे गेली.

आणि इथं शिकवणं ऑपरेशनच्या आधी सुरू होतं. पेशंटला उभं करून, बसवून, वाकवून जागा ठरवतात, पॅन्टचा पट्टा कुठं येतो ते बघतात, म्हणजे स्टोमा घडीत जात नाही आणि पेशंटला स्वतःला दिसतो. मग पिशवीत थोडं पाणी भरून पोटावर लावून देतात. आबांची ती वेळ गेली, पण इथं वाचणाऱ्या कुणाचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर सर्जनकडे हे मागून घ्या.

स्नेहल_ठाणे

विषयाला थोडं सोडून, पण वाचणाऱ्यांसाठी. माझ्या नवऱ्याला आतड्याचंच आत नवीन मूत्राशय करून दिलंय, निओब्लॅडर, बाहेर पिशवी नाही. लोकांना वाटतं ते सोपं. शिकणं त्यातही आहे, वेगळं. त्या मूत्राशयाला भरल्याची जाणीव नेहमीसारखी येत नाही म्हणून घड्याळ लावून जायचं, सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा गजर लावून उठायचं. पोट दाबून, बसून करायचं. नवऱ्याला काही महिने रात्री कपडे ओले व्हायचे, आणि काही जणांना स्वतः नळी घालून रिकामं करायला शिकावं लागतं, आम्हाला ऑपरेशनच्या आधीच ते शिकवून ठेवलं होतं. म्हणून पिशवी असलेल्यांनी आपल्याला कमी दर्जाचं काही मिळालं असं मनात आणू नका.

कोयनाकाठ

उशिरा लिहितेय, माफ करा, दोन आठवडे झाले. सगळ्यांना सांगायचंय.

मागच्या मागच्या शनिवारी मी आबांना सांगितलं. गोठ्याच्या बाहेर खाटेवर बसले होते. मी म्हटलं आबा, ही पिशवी १८ ला निघणार नाही, कधीच निघणार नाही. त्यांनी बराच वेळ काही म्हटलं नाही, मग म्हणाले, "मला वाटलंच होतं. तुम्ही कुणी बोलत नव्हता म्हणून मी पण विचारत नव्हतो." मी खूप रडले. ते रडले नाहीत, म्हशीला पाणी दाखवायला उठून गेले. दोन दिवस आईशीही बोलले नाहीत.

भाऊ शेजारच्यांकडून बाज घेऊन आला. पहिल्या रात्री आबा उठून परत खाली झोपले. दुसऱ्या रात्री नानांचं पाट आणि वाफ्याचं मी सांगितलं, तेव्हा स्वतः बादलीची उंची बघितली आणि बाजेच्या पायाखाली दोन विटा घातल्या. त्या रात्रीपासून गळती थांबली. रोजचं अंथरूण धुणं थांबलं आहे. डॉक्टरांशी बोलले, त्यांनी दुसरा कोर्स बंद करायला सांगितला आणि ताप आला तरच कळवा म्हणाले. भोक ३८ वरून २८ केलं, स्टोमा २६ चा आहे. कातडीची लाली बरीच गेलीय, सोललेलं एका बाजूला थोडं राहिलंय.

तोटी ते स्वतः उघडतात, चौथ्या दिवसापासून कुणाला हाकही मारत नाहीत. पण पुढे अडलं. बघायला तयार झाले, मान खाली घातली आणि म्हणाले, मला काही दिसत नाही. मला वाटलं अजून टाळतायत. मग आई म्हणाली, अगं त्यांचा जवळचा चष्मा मार्चपासून मोडलाय. इतक्या दिवसांत कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि पोट थोडं सुटलेलं असल्यानं खालची बाजू त्यांना तशीही दिसत नाही. रविवारी कराडला जाऊन चष्मा करून आणला आणि दाढीचा आरसा स्टुलावर तिरका ठेवला. मी हात पाठीमागे बांधून उभी होते, सिस्टर, फार अवघड आहे ते. गॉजची वळी त्यांच्या हातातून दोनदा पडली. कापलेलं भोक जरा वाकडं आलं. लावलेली पिशवी संध्याकाळपर्यंत टिकली आणि सुटली. पण त्यांनी आपल्या बोटांनी कड पुसली आणि म्हणाले, "नाना म्हणत होते तसंच आहे, जिभेगत."

अनघाताईंच्या तक्त्यात आज बघण्याला ३, ओतण्याला ३, काढण्याला २, बाकीच्यांना १-१, लावण्याला शून्य.

१८ ला पुण्याला आठ-नऊ मिनिटांत तपासून झालं. डॉक्टर म्हणाले ठीक आहे. नाना, तुमच्याशी आबांना फोनवर बोलायचंय, विचारायचंय की एसटीच्या लांबच्या प्रवासात काय करता. सिस्टर, कातडीच्या त्या राहिलेल्या जागेचं काय करू?

नाना_वाई

कधीही करू द्या फोन, मेसेजमध्ये नंबर पाठवतो. प्रवासाचं एवढंच सांगतो की गाडीत बसायच्या आधी रिकामी करायची, जेवणाला गाडी थांबली की परत करायची, आणि एक पूर्ण तयार सेट, भोक कापून ठेवलेला, हातातल्या पिशवीत जवळ ठेवायचा, वर सामानात टाकायचा नाही. उन्हात ठेवायचा नाही, चिकट पातळ होतो. मी मागच्या वर्षी आषाढीला पंढरपूरला जाऊन आलो. आबांना हे पण सांगा की ही पद्धत काल-परवाची नाही, १९५० साली ब्रिकर नावाच्या अमेरिकन सर्जननं ती रूढ केली, माझे डॉक्टर अजून तिला ब्रिकरच म्हणतात. मला हे ऐकून बरं वाटलं होतं, की आपल्या आधी खूप माणसं यावर जगलीत.

आणि शेतावर जाऊ द्या पण खताचं पोतं उचलू देऊ नका, इतक्यात तर नाहीच. बाजूनं हर्निया येतो. माझ्या ओळखीत एकाला आलाय.

परळची सिस्टर

ताई, चष्म्याचं मी माझ्या वहीत लिहून ठेवलं. पुढच्या प्रत्येक पेशंटला विचारणार आहे.

कातडीचा फोटो खाजगी मेसेजमध्ये पाठवा, उजेडात, पिशवी काढल्यावर लगेचचा. तिथं पोटाला घडी किंवा खळगा दिसला तर साधी सपाट पिशवी धरणार नाही, फुगीर तळाची लागते आणि सोबत पट्टा. तसं असेल तर पुण्यात सर्जनकडे विचारून एकदा स्टोमा नर्सला प्रत्यक्ष दाखवा, किंवा मुंबईला येणं जमत असेल तर टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे. ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडियाही मुंबईत आहे, तिथं स्वतः स्टोमा असलेली माणसं नव्या पेशंटशी बोलतात. नानांनी जे केलं ते आमच्या कामाचं मूळच आहे. स्टोमाची पहिली थेरपिस्ट नॉर्मा गिल ही नर्स नव्हती, पेशंट होती, तिला स्वतःला इलिओस्टोमी, म्हणजे लहान आतड्याचा शौचाचा स्टोमा होता, आणि १९५८ साली क्लीव्हलँडच्या डॉ. टर्नबुलनी तिला दुसऱ्या पेशंटना शिकवायला कामावर घेतलं.

काही गोष्टी फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, आबांना वाचता येईल अशा: दोन-तीन तास पिशवीत लघवीच आली नाही, थंडी वाजून ताप आला, कंबरेत दुखू लागलं, लघवीतून गाठी किंवा बरंच रक्त आलं, स्टोमा काळपट झाला, तर रात्र असली तरी निघायचं. आणि सर्जनना विचारून वर्षातून ठरावीक वेळा किडनीची सोनोग्राफी, क्रिएटिनिन, रक्तातले क्षार आणि बी-१२ बघत जा, आतड्याचा तुकडा वापरलाय म्हणून ते लागतं.

काकू त्या लग्नाला गेल्या का?

कोयनाकाठ

ते लग्न होऊन गेलं. पण आईच्या माहेरीच बारसं आहे पुढच्या महिन्यात, आई दोन दिवस जाणार आहे. आबा म्हणाले जा. भोकं कापून सहा पिशव्या त्यांनी आधीच कपाटात रचून ठेवल्यात, मी मोजल्या, सगळी २८ ची आहेत. फोटो पाठवलाय सिस्टर, बघा.